चारशे सतराच्या लेकी

४ फेब्रुवारी, सकाळी ७

नवी वही काढली. जुनी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असायची. त्या ड्रॉवरला दोन किल्ल्या आहेत हे काल लक्षात आलं. एक माझ्याकडे आहे. दुसरीही माझ्याकडेच असायला हवी, पण सापडत नाही. तेव्हा वही यापुढे घरी, कपाटात, स्वेटरांच्या खाली.

लिहायचं कारण असं की पाणी कुठेतरी मुरतंय. डोक्यात सगळं आहे, पण कागदावर मुद्देसूद हवं.

मुद्दा १. एकोणीस वर्षं शुद्ध वंश विभाग मी सांभाळतो. पांढऱ्या कोंबड्या, एकेका पिंजऱ्यात एकेक, वंशावळ चौदा पिढ्यांपर्यंत पाठ. त्यातून पुढच्या पिढीचे बाप कोण, हे मी निवडतो.

मुद्दा २. निवडलेल्या कोंबड्यांचा संकर दुसऱ्या, तपकिरी वंशाच्या माद्यांशी होतो, तोही माझ्याच शेडमध्ये. त्यांच्या संकरित लेकी बाजारात जातात. शुद्ध वंशाची कोंबडी बाहेर कोणी विकत घेत नाही हे खरं आहे, पण म्हणून तिचं महत्त्व कमी होत नाही.

मुद्दा ३. यंदाचा माझा कोंबडा नंबर ४१७. असा कोंबडा एकोणीस वर्षांत झाला नाही. माझ्या शेडमध्ये त्याच्या शुद्ध लेकी बारा कुटुंबांत पहिल्या. अंडी जास्त, कवच टणक, तक्रार शून्य.

मुद्दा ४. काल फील्ड फार्मचा, म्हणजे संकरित लेकी बाहेरच्या हवेत तपासतात त्या फार्मचा, रिपोर्ट आला. ४१७च्या संकरित लेकी तिथे बारा कुटुंबांत अकराव्या.

बाप तोच. इथे पहिला, तिथे अकरावा. मधे कोणीतरी हात मारलाय.

मुद्दा ५. फील्ड फार्म माझा मेव्हणा चालवतो. नोकरी मीच लावून दिली होती.

५ फेब्रुवारी

संशयितांची यादी केली. एक, मेव्हणा. दोन, आकडेवाली. ती आठ महिन्यांपूर्वी कंपनीत आली, कंप्यूटरवर सगळ्या कुटुंबांचे हिशेब तीच मांडते. हळू बोलते. चहा घेत नाही. चहा न घेणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय ते कधीच कळत नाही.

तिला स्पष्ट विचारलं की हा काय प्रकार आहे. तिने समजावलं. शुद्ध लेकी आणि संकरित लेकी यांच्या कामात आनुवंशिक नातं असतं, पण ते शंभर टक्के नसतं म्हणे. पूर्ण जुळलं तर एक, काहीच संबंध नसला तर शून्य. आमच्या वंशात ते शून्य पूर्णांक अडतीस आहे. म्हणून तुमच्या शेडमधला पहिला बाहेर पहिला येईलच असं नाही, आणि यात कोणाचा दोष नाही, असं म्हणाली.

दोष नाही, हे मी विचारलंच नव्हतं. आपण होऊन सांगितलं. नोंद घ्यावी.

बाकी अडतीस म्हणजे पास. पस्तीसला पास असतो. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने चष्मा काढून पुसला. हार मानली.

६ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं होतं. २० जूनला निवड समितीची बैठक. बारा कुटुंबांपैकी सहा ठेवायची, सहा बंद करायची. यंदापासून शेडचे आणि फील्डचे आकडे एकत्र धरणार. आणि दोन्ही विभाग मिळून एकच प्रमुख नेमणार.

साहेब म्हणाले, तुमचं नाव आहेच समोर. मग थांबून म्हणाले, बघू, जूनमध्ये कळेल.

म्हणजे ४१७ राहिला तर मी राहिलो. अकरावा आलेला कोंबडा घेऊन प्रमुख कोण होणार.

संकल्प: शांत राहायचं. मेव्हण्याशी बोलणं बंद. चहा दिवसाला दोनच, डोकं तल्लख ठेवायला.

७ फेब्रुवारी

मेव्हण्याकडून स्कूटर घ्यावी लागली, माझी पंक्चर होती. बोलणं स्कूटरपुरतंच केलं. चहा पाच.

१२ फेब्रुवारी, दुपारी

फील्ड फार्मवर प्रत्यक्ष काय चालतं हे मला पाहता येत नाही, हीच खरी अडचण. नियम कडक. फील्ड फार्मच्या गेटच्या आत पाऊल टाकलं की तीन दिवस माझ्या शेडमध्ये यायचं नाही. बाहेरचा रोग आत येऊ नये म्हणून. आमच्या शेडमध्ये शिरतानाही आंघोळ, केस धुणं, कंपनीचे कपडे. आतली हवासुद्धा गाळून येते.

हा नियम मीच बनवलाय. त्यामुळे एकोणीस वर्षांत मी फील्ड फार्मच्या आत गेलेलो नाही. तीन दिवस मी नसलो तर शेडचं काय होईल याची कल्पनाच करवत नाही.

मोजणीवाल्या मावशींना हे बोलून दाखवलं. त्या माझ्या शेडमध्ये रोज अंडी गोळा करून प्रत्येकावर पेन्सिलीने आईचा नंबर लिहितात, बावीस वर्षं. त्या म्हणाल्या, काही होणार नाही, जाऊन या. फार पटकन म्हणाल्या. यादीत तिसरं नाव घालायचं का, विचार करतोय.

२० फेब्रुवारी, सकाळी ९.३०

कारवाई. फील्ड फार्मच्या मागच्या कुंपणाबाहेर उभा राहिलो. पाऊल आत नाही, म्हणजे नियम मोडला नाही. मुलाची जुनी दुर्बीण आणली होती. तिची एक बाजू धूसर दिसते, दुसऱ्या बाजूने फक्त पंखे दिसले. पंखे फिरत होते. बाकी शेडची भिंत.

वीस मिनिटांत मेव्हणा स्वतःच कुंपणापाशी आला. कुत्रं भुंकलं म्हणून आलो म्हणाला. हातात दोन कप. एक माझ्यासाठी. मी येणार हे त्याला आधीच माहीत होतं, नाहीतर दुसरा कप कशाला?

चहा घेतला, कारण नाही म्हटलं असतं तर त्याला कुणकुण लागली असती. त्याला सहज विचारलं, ४१७च्या लेकी कुठल्या रांगेत आहेत. तो म्हणाला, भाऊजी, मला कुठे माहीत, पायातल्या पट्टीवर नुसता नंबर असतो, बापाची यादी आकडेवालींच्या कंप्यूटरमध्ये कुलूपबंद आहे. ताकास तूर लागू दिली नाही. कसलेला माणूस आहे.

२० फेब्रुवारी, सायंकाळी ५

अनर्थ. मेव्हण्याने भेटींच्या रजिस्टरमध्ये लिहिलं: कुंपणाशी आले, फार्मचा कप हाताळला. कप आतून आला म्हणजे संपर्क झाला. सुरक्षा विभागाने मला तीन दिवस माझ्या शेडमध्ये यायला बंदी केली. मीच बनवलेल्या नियमाचं कलम सात दाखवलं.

चहा देऊन माणूस बाद केला. इतका साळसूदपणा मी पाहिला नव्हता.

२४ फेब्रुवारी

परत रुजू. आंघोळ करून आत गेलो. मन घट्ट केलं होतं.

तीन दिवसांत शेडचं उत्पादन अर्ध्या टक्क्याने वाढलंय. मावशी म्हणाल्या, शांत होत्या बिचाऱ्या. कोंबड्यांबद्दल म्हणत होत्या असं मी धरतो.

उत्पादन माझ्या गैरहजेरीतच का वाढलं, याचाही तपास व्हायला हवा.

३ मार्च

आज सगळं लख्ख झालं.

रिपोर्ट पुन्हा काढून बसलो. फील्डवर पहिला कोण? ३८८. माझ्या शेडमध्ये ३८८ कितवा? दहावा. सामान्य कोंबडा. तुरा एका बाजूला कललेला, लेकी आठवड्यातून एखादा दिवस सुट्टी घेणाऱ्या. छाटणीच्या यादीत तो जानेवारीपासूनच होता.

४१७ इथे पहिला, तिथे अकरावा. ३८८ इथे दहावा, तिथे पहिला. जवळजवळ आरशातलं चित्र. याला योगायोग म्हणणाऱ्याने खुशाल म्हणावं. उबवणीत पिल्लांची अदलाबदल झालीय. ज्या लेकींचं कौतुक ३८८च्या नावावर चाललंय त्या माझ्या ४१७च्या आहेत.

आकडेवालीला हे बोललो नाही. उलट आज तिचीच मेल आली. जूनचा फील्ड रिपोर्ट येईपर्यंत कृपया कोणत्याही कुटुंबातला कोंबडा काढू नये. मेल नेमकी आजच का? ३८८ला वाचवायला.

मेल तीनदा वाचली. 'कृपया' लिहिलंय. म्हणजे विनंती आहे, बंधन नाही.

५ मार्च

छाटणी केली. ३८८ आणि त्याचे दोन भाऊ. शेडच्या रजिस्टरमध्ये नोंद, माझी सही. कंप्यूटरमध्ये नंतर टाकू, पासवर्ड आठवत नाही.

काढलेले पक्षी कर्मचारी गेटवरून घरी नेऊ शकतात, तशी पद्धत आहे. भाऊ दोघे ड्रायव्हरने नेले. ३८८ मी नेला. बॅगेत मान बाहेर काढून पूर्ण रस्ताभर बघत होता. गुन्हा सिद्ध झाल्यासारखा गप्प होता.

मावशींनी विचारलं, जूनपर्यंत थांबायचं होतं ना. मी म्हटलं, एकोणीस वर्षं मी थांबून निवड केलेली नाही, डोळ्यांनी केली आहे. त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

६ मार्च, रात्री जेवणानंतर

मेव्हण्याला जेवायला बोलावलं होतं. बेत असा की पोट भरलं की माणूस बोलतो. ३८८चा रस्सा केला होता. बायकोने तीन तास शिजवला, तरी म्हणाली, हा कोंबडा आहे की चप्पल.

मी खाद्याचा विषय काढला, पिल्लांचा काढला, पट्ट्यांचा काढला. मेव्हणा प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर देत राहिला. एकदाही अडखळला नाही. खरं बोलणारा माणूस मधे मधे अडखळतो.

दोनदा रस्सा मागून घेतला. वर म्हणाला, ताई, चव मात्र छान आहे. अपराधी माणूस असाच निवांत जेवतो, असं माझं निरीक्षण आहे.

तो गेल्यावर बायको म्हणाली, माझ्या भावाकडे तुम्ही असं का बघत होता. मी म्हटलं, कसं. ती म्हणाली, काटा घशात अडकल्यासारखं. मी म्हटलं, कोंबड्याला काटे नसतात. ती आत गेली. भांडी जोरात वाजत होती.

१९ मार्च

साहेबांकडे लेखी मागणी केली. ४१७ आणि ३८८ या दोन कुटुंबांतल्या फील्डवरच्या सगळ्या लेकींची डीएनए तपासणी व्हावी. पिसाचा नमुना पुरतो, आणि सर्व कोंबड्यांचं रक्त कार्डावर जपलेलं असतंच. बाप कोण ते विज्ञान सांगेल.

अपेक्षा होती की आकडेवाली विरोध करेल. ती म्हणाली, चांगली कल्पना आहे, मी स्वतःच नमुने पाठवते.

स्वतःच. हे बघा.

मी अट घातली की नमुन्यांचं पाकीट माझ्यासमोर बंद व्हावं आणि त्यावर माझी सही असावी. सही करताना शाई संपली. तिने स्वतःचं पेन दिलं. नाइलाजाने वापरलं.

२ एप्रिल

संकल्प: शत्रूचं शास्त्र शिकायचं. आकडेवालीकडून संख्याशास्त्राचं पुस्तक मागून आणलं. रोज दहा पानं. जूनपर्यंत पुस्तक पूर्ण, आणि तिच्याच आकड्यांनी तिला गप्प करायचं.

९ एप्रिल

पान ४. पहिल्या तीन पानांत प्रस्तावना होती, ती सोडली. चौथ्यावर एक आलेख आहे, ठिपक्यांचा. तो नीट बघितला तर एका कडेने ढग वाटतो. मधूनच एक रेघ गेलीय. रेघ का गेली ते लिहिलेलं नाही.

२३ एप्रिल

पान ४. पुस्तक परत केलं. ती म्हणाली, काही शंका असतील तर विचारा. मला शंकाच शंका आहेत, पण पुस्तकाबद्दल नाहीत.

जाता जाता तिने एक प्रश्न विचारला. तुमच्या शेडमध्ये कोंबडी एकटी असते, शांत असते, तिचं खाद्य तिच्यापुरतं असतं. बाहेर एका पिंजऱ्यात आठ असतात, उन्हाळा, धूळ, ट्रक. दोन्हीकडे लागणारे गुण एकच असतील असं तुम्हाला वाटतं का?

मी म्हटलं, चांगला पक्षी कुठेही चांगला. एकोणीस वर्षं हेच सांगतोय. ती म्हणाली, कधी पाहिलाय का तिथे? मी म्हटलं, मला तीन दिवस बाहेर राहणं परवडत नाही.

या प्रश्नात काहीतरी सापळा होता. घरी येईपर्यंत सापडला नाही.

११ मे

डीएनए रिपोर्ट आला. पाकीट मीच उघडलं, साहेबांसमोर.

दोनशे चाळीस नमुने. दोनशे एकोणचाळीस बरोबर. ४१७च्या लेकी ४१७च्याच. ३८८च्या लेकी ३८८च्याच. अदलाबदल नाही, मिसळ नाही, पट्टी चुकलेली नाही.

एक नमुना चुकलेला निघाला. मी लगेच उभा राहिलो. साहेबांनी खाली बसायला सांगितलं. ती चूक उबवणीतली नव्हती, फील्डवरचीही नव्हती. एका अंड्यावरचा नंबर माझ्या शेडमधून वहीत उतरवताना चुकला होता. मावशी त्या दिवशी रजेवर होत्या. हस्ताक्षर माझ्यासारखं दिसतं.

मेव्हण्याच्या फार्मवर चूक एकही नाही. साहेब म्हणाले, त्याचं अभिनंदन करायला हवं. मी हो म्हटलं.

१२ मे

रात्रभर विचार केला. दोनशे चाळीसमधून दोनशे एकोणचाळीस बरोबर? इतकं बरोबर काम कोणी करतं का? प्रयोगशाळेवरच संशय घ्यायला जागा आहे.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आता दुकानदार, दूधवाला आणि मी, एवढेच राहिलो. मी म्हटलं, चेष्टेचा विषय नाही. ती म्हणाली, माझा भाऊ गेले दोन महिने घरी यायला कचरतोय, हा पण चेष्टेचा विषय नाही. मग रडली थोडी. मला वाईट वाटलं. पण तपास अर्धवट सोडून कसं चालेल.

८ जून

नवं धोरण. मागचं सोडून दिलं. समितीपुढे भाषण करायचं. मुद्दे: शुद्ध वंश म्हणजे पाया. पाया दिसत नाही. इमारतीला तडा गेला म्हणून पाया बदलत नाहीत. अडतीसला पास.

रोज आरशासमोर सराव. शेडमध्ये ४१७समोर एकदा म्हणून पाहिलं. त्याने मान तिरकी करून पूर्ण ऐकलं. काय कोंबडा आहे. त्याच्यासमोर उभं राहिलं की वाटतं, जगात सगळं चुकलं तरी हे एक बरोबर जमलं माझ्या हातून.

१९ जून

भाषण पाठ. शर्ट इस्त्री केला. चहा दोनच. उद्या नाकावर टिच्चून ४१७ला वर आणतो. मन स्वच्छ आहे. मेव्हण्यालाही माफ करायचं ठरवलंय, प्रमुख झाल्यावर.

२० जून, दुपारी ३

सलग लिहितो, नंतर जमणार नाही.

फील्डचा जूनचा रिपोर्ट आला. ४१७च्या लेकी बाराव्या. ३८८च्या पहिल्या, दुसऱ्या नंबराशी भरपूर अंतर ठेवून. आकडेवाली म्हणाली, असं कुटुंब तिने आजवर पाहिलं नाही. उन्हाळ्यातसुद्धा अंडी कमी झाली नाहीत, एकमेकींना टोचणं नाही, मर नाही. म्हणाली, पुढची सगळी पिढी ३८८वर उभी करायला हवी.

माझं भाषण सुरू झालं. पायाच्या मुद्द्यापर्यंत आलो होतो, तेव्हा साहेब म्हणाले, छान, आता ३८८ बघू या.

मी म्हटलं, त्याची काही गरज नाही, आकडे आहेतच. साहेब म्हणाले, फेब्रुवारीपासून ज्याच्या लेकींचं ऐकतोय त्याला एकदा डोळ्यांनी बघू दे. कंप्यूटरमध्ये दिसतंय, पिंजरा नंबर बारा.

मग सगळ्यांनी आंघोळी केल्या. नियमच आहे. साहेब, समितीचे दोघे, आकडेवाली, एकामागून एक. पाणी कोमट होतं, मधेच गार झालं. पाऊण तास गेला. मी शेवटी थांबलो. बाथरूममध्ये बसून विचार केला की मावशी आज रजेवर असतील तर बरं. पण मावशींनी बावीस वर्षांत रजा घेतल्या तरी किती?

सगळे ओल्या केसांनी, पांढऱ्या कपड्यांत, बारा नंबरच्या पिंजऱ्यासमोर उभे राहिले. पिंजरा रिकामा. पाण्याची वाटी कोरडी.

साहेबांनी विचारलं, कुठे आहे. मग मावशी म्हणाल्या, मार्चमध्येच गेला की तो, साहेबांच्या बॅगेतून. साहेब म्हणजे मी. रजिस्टर आणून दाखवलं. तारीख होती. सही होती. खाली कारणाच्या रकान्यात लिहिलेलं होतं: सामान्य.

आकडेवाली म्हणाली, भाऊ तरी असतील त्याचे. मावशींनी पुढच्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

आकडेवाली भिंतीकडे वळून उभी राहिली, बराच वेळ. मला वाटलं रागावली असेल. पण ती डोळे पुसत होती. तिला रडताना बघून मला पहिल्यांदा असं वाटलं की हिला खरंच ते कोंबडं हवं होतं. माझ्याविरुद्ध नाही. नुसतंच हवं होतं.

साहेबांनी विचारलं, आता आहे कुठे तो. मी सांगितलं.

२१ जून

निर्णयाची मेल. 'कृपया' नाही. ४१७चं कुटुंब बंद. शुद्ध विभागाची जबाबदारी तूर्त मावशींकडे, निवडीचं काम आकडेवालीकडे. दोन्ही विभागांचा प्रमुख: मेव्हणा. माझी बदली फील्ड फार्मवर, मेव्हण्याच्या हाताखाली, सोमवारपासून.

मेव्हण्याचा फोन आला होता. मी घेतला नाही. बायकोने घेतला. म्हणाली, तो म्हणतोय भाऊजींना सांग, मी काहीच मागितलं नव्हतं. मला आता ते खरं वाटतं. खरं वाटण्याचा फार त्रास होतो.

२२ जून

४१७ला बाहेर काढायचं काम दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. आंघोळ केली. केस नीट धुतले. तो हातात आला तेव्हा छाती धडधडत होती, त्याची की माझी, कळलं नाही. ड्रायव्हरने विचारलं, घरी नेणार का. मी नाही म्हटलं. पावतीवर सही करताना कारणाचा रकाना आला. काय लिहावं सुचेना. कोरा ठेवला. मावशींनी पावती फाडून घेतली.

रडू आलं. बाथरूममध्येच आलं, ते बरं झालं. शॉवर चालू होता.

२५ जून

फील्ड फार्मवर पहिला दिवस. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा गेटच्या आत. आंघोळ नाही, नुसते बूट बुडवायचे. आत धूळ, उकाडा, पंख्यांचा आवाज, बाहेर ट्रकचे हॉर्न. एका पिंजऱ्यात आठ-आठ तपकिरी कोंबड्या. मेव्हण्याने ओळख करून दिली, हे आमचे भाऊजी, यांच्याकडून खूप शिकण्यासारखं आहे. कुत्सितपणा शोधला. सापडला नाही.

बापांची यादी आता उघडली आहे. ४१७च्या लेकींचे पिंजरे तळहातावर लिहून घेतले होते. त्यांच्यासमोर सकाळी सात ते अकरा उभा राहिलो. ठरवलं होतं, आज डोळ्यांनी बघायचं, यांना कोण काय करतं ते.

खाद्याची गाडी आली. लोखंडी चाकं, खडखड. माझ्या शेडमध्ये चाकांना रबर आहे. शेजारच्या पिंजऱ्यातल्या आठही जणींनी लगेच माना बाहेर काढल्या आणि खायला लागल्या. ४१७च्या आठ जणी मागच्या कोपऱ्यात, एकीवर एक चढून, भिंतीला चिकटून. गाडी निघून गेली तरी तशाच. मेव्हण्याने सगळीकडे सारखंच खाद्य टाकलं होतं, माप धरून. कोणी त्यांना हाकललं नाही. कोणी काही केलं नाही. हॉर्न वाजला की पुन्हा कोपऱ्यात. अकरा वाजेपर्यंत त्या चार वेळा पुढे आल्या आणि चार वेळा मागे गेल्या.

एवढंच होतं सगळं. मी हे कुठल्याही दिवशी येऊन पाहू शकलो असतो.

शेवटी राहवलं नाही. मूठभर खाद्य उचललं आणि मागच्या जाळीतून हात घातला. त्यांची चाचणी अजून सात आठवडे चालणार आहे, वेगळं खाऊ घातलं तर सगळे आकडे बिघडतील, हे मला माहीत आहे. एकीने चोच पुढे केली. मी मूठ मिटली, हात बाहेर काढला आणि खाद्य परत गाडीत टाकलं. एक दाणाही दिला नाही, शपथ.

मागे वळलो तर मेव्हणा दाराशी उभा होता. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, पिंजऱ्याचा नंबर पाहिला, खिशातून वही काढली आणि त्यात काहीतरी लिहिलं.